चार नंबरची पेटी

१

माणूस मेला डोंगरावर, पण त्याला दोषी ठरवायचं काम खाली, पंख्याच्या वाऱ्यात, चहाच्या दोन फेऱ्यांत उरकायचं ठरलं होतं.

हवामान चौकी अगदी माथ्यावर, दीड दिवसाच्या चढावर. तिथे एकच माणूस असे. त्याला सगळे चौकीवाला म्हणत. रोज सकाळी वारा, पाऊस, थंडी मोजून तो आकडे बिनतारी सेटवरून खाली कळवी. एका वादळात वीज पडून चालू सेट जळाला. विजेची तार कुठे तुटली ते बघायला चौकीवाला खांबावर चढला आणि तिथून पडून त्याचं मांडीचं हाड मोडलं. सुटकेची तुकडी पाचव्या दिवशी पोचली तेव्हा तो खोलीत मरून पडला होता. डॉक्टरांच्या मते पडल्यावर तीन दिवस तरी जिवंत होता.

तेव्हा प्रश्न एकच उरला. खोलीच्या कोपऱ्यात राखीव सेट असताना त्याने तो काढून हाक का मारली नाही?

राखीव सेट चार नंबरच्या पेटीत असे. ही पेटी साधीसुधी नव्हे. जाड टणक प्लास्टिकची, झाकणाच्या कडेला रबर, आत राखाडी फोम आणि फोममध्ये सेटच्या मापाची खाच. कड्यावरून लोटली तरी आतल्या सेटला ओरखडा नाही, पाण्यात बुडवली तरी आत थेंब नाही. खात्यात माणसांपेक्षा सेटची काळजी जास्त घेतली जाई आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. सेट परदेशातून मागवावे लागत, माणसं आपण होऊन अर्ज करत.

आता ती पेटी खालच्या कचेरीत साहेबांच्या टेबलावर होती. झाकण आणि पेटी यांना जोडणारी कागदी पट्टी अखंड होती. तिच्यावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख आणि भांडारबाईंची सही.

"बघून घ्या मास्तर," साहेब म्हणाले. "सील जसंच्या तसं. गड्याने पेटीला हातसुद्धा लावला नाही."

मास्तर मुख्यालयाच्या दुरुस्ती विभागातून तांत्रिक साक्षीदार म्हणून आले होते. खात्यातल्या निम्म्या लोकांना सेट जोडायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. उरलेल्या निम्म्यांना काहीच येत नव्हतं, म्हणून ते अधिकारी झाले होते.

साहेबांनी पट्टी कापली, कड्या उघडल्या आणि झाकणाला हात घातला. झाकण उचललं गेलं नाही. त्यांनी जोर लावला, शिपायाने खालून पेटी धरली, साहेबांनी वरून झाकण ओढलं, आणि दोघेही लाल झाले. शेवटी मास्तरांनी हात पुढे करून कडेची छोटी झडप सैल केली. पेटीने फुस्सकन लांब श्वास आत घेतला आणि झाकण अलगद उघडलं.

"हे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"हवा," मास्तर म्हणाले.

आत सेट होता. साहेबांनी बटण दाबताच दिवे लागले, बॅटरीच्या चारही पट्ट्या हिरव्या. "फुल्ल! एका बोटाचं काम होतं हो. नुसता आळस." त्यांनी सेट कौतुकाने उचलून दाखवला. तेवढ्यात मास्तरांनी रिकाम्या खाचेच्या कोपऱ्यात बोट घातलं. बोट जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही, अर्धा इंच आत गेलं. त्यांनी चारही कोपरे चाचपले आणि हात रुमालाला पुसला.

कागद तयारच होता. त्यावर 'मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असं टाइप केलेलं. असा शेरा पडला की महिनाअखेर क्वार्टर सोडायचं, असा नियम होता. त्या क्वार्टरमध्ये आता चौकीवाल्याची बायको आणि तिचे अंथरुणाला खिळलेले सासरे होते.

बायको दाराशीच उभी होती. तिला आत बोलावलेलं नव्हतं आणि जा असंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

"आमच्या घरात नळ ठिबकला तर हे अंथरुणातून उठून बंद करायचे," ती म्हणाली. "तीन-तीन दिवस पेटीकडे बघत पडून राहिले, असं लिहिणार तुम्ही?"

"वहिनी, पेटी बोलते, आम्ही नाही," साहेब म्हणाले आणि पेन मास्तरांपुढे सरकवलं. "करा सही."

"उद्या चारपर्यंत थांबा," मास्तर म्हणाले. "पेटी बोलतेय हे खरं. पण तुम्ही म्हणताय ते नाही बोलत."

२

भांडारबाई अठ्ठावीस वर्षं भांडारात होत्या. त्यांच्या मागच्या फळीवर सहा पेट्या ओळीने ठेवायची जागा होती आणि पुढे एक वजनकाटा.

"काटा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"दर महिन्याची तपासणी. पेट्या उघडायच्या तर सील तुटतं. सील तुटलं की नव्या सीलला तीन सह्या, तीन खोल्या, तीन दिवस. म्हणून पेट्या उघडत नाहीत, जोखतात. वर चौकीतसुद्धा काटा दिलाय. पेटीचं वजन बरोबर म्हणजे सेट आत."

"आणि वजन बरोबर नसलं तर?"

"असतंच," बाई म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर. आमच्या सहा मुठी."

मास्तरांनी नोंदवही उघडली. सहा पेट्या, बारा महिने, एकच वजन, एक ग्रॅमचाही फरक नाही. "पावसाळ्यात फोम ओलावा धरतो. किंचित तरी फरक पडायला हवा."

"पडायला हवा तसा तो पडतो," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण साहेबांना आवडत नाही."

"चार नंबरवरची पट्टी तुमच्या सहीची आहे. लावलीत तुम्ही?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायला फारसं काही नव्हतं. "सही माझी आहे."

"मी लावण्याचं विचारतोय."

"मास्तर, माझ्या गुडघ्यांची दोन ऑपरेशनं झालीत. कुणाला मैदानात, कुणाला माथ्यावर पेटी लागते. मी कुठे कुठे पट्टी चिकटवत फिरू? वर्षाच्या सुरुवातीला पन्नास पट्ट्यांवर सह्या करून ठेवते. तारीख ज्याची त्याने घालावी."

"त्या पट्ट्या असतात कुणाकडे?"

"आहेत दोघा-तिघांकडे." मास्तर जागचे हलेनात, तसं बाईंना पुढे बोलावं लागलं. "साहेबांच्या खणात, माझ्याकडे, आणि सुटकेच्या तुकडीच्या प्रमुखाकडे. पैलवानाकडे."

"पैलवान म्हणजे?"

"मयताचा मेहुणा," बाई म्हणाल्या. "वहिनींचा सख्खा धाकटा भाऊ."

३

क्वार्टर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत सासरे पडलेले. पैलवान त्यांना कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होता. देह दाराएवढा, हात मात्र बाळाला न्हाऊ घालावं तसे हलके.

"आठ दिवस झाले, हाच करतो सगळं," बहीण म्हणाली. "ह्यांची ही शेवटची बदली त्यानेच साहेबांकडे शब्द टाकून करून घेतली होती. वरच्या चौकीला क्वार्टर मिळतं ना, म्हणून. मीच मागे लागले होते त्याच्या."

"ताई, पुरे," पैलवान आतून म्हणाला. "मास्तरांना कशाला रडगाणं."

"रडत कुठे आहे मी? रडायला वेळ आहे का? वीस दिवसांत घर रिकामं करायचंय."

पैलवान बाहेर आला, हात पुसत. मास्तरांच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा. सेट उघडायला सगळ्यात पुढे, बंद करायला सगळ्यात मागे.

"आत पहिला कोण गेला?" मास्तरांनी विचारलं.

"मी. दोघे पोरगे खाली स्ट्रेचर घेऊन येत होते. पाऊण तासाने पोचले."

"पेटी?"

"कोपऱ्यात. बंद."

"मग तुमच्या तुकडीच्या सेटवरून खाली लगेच का कळवलं नाही? निरोप थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायथ्याच्या दुकानातून आला."

"आमचा सेट घळीत पडला, मास्तर. चढताना पट्टा तुटला. रिपोर्टात लिहिलंय."

"कुठल्या घळीत?"

"चौकीच्या मागच्या."

मास्तरांनी मान हलवली. चौकीच्या मागची घळ चौकीच्या मागे होती. चढणारी वाट पुढून येते. उंबऱ्याशी पोचलेल्या माणसाचा सेट घरामागच्या दरीत पडायचा तर तो घराला वळसा घालून तिथे न्यावा लागतो.

"ताई, मी जरा ह्याला घेऊन जातो," ते म्हणाले. "अर्ध्या तासात पाठवतो."

"पाठवा हं," ती म्हणाली. "मामंजींना तीन वाजता परत वळवायचंय. माझ्याने एकटीने होत नाही."

४

गाड्यांच्या शेडमध्ये कुणी नव्हतं. पैलवान टायरवर बसला, मास्तर उभे राहिले. वर्गातही ते असेच उभे राहायचे.

"धडा पाचवा," मास्तर म्हणाले. "पेटी उंचावर बंद केली आणि खाली आणली तर काय होतं?"

पैलवान टायरची नक्षी नखाने खरवडू लागला.

"वर हवा विरळ. तीच पेटीत कोंडली जाते. खाली आणलं की बाहेरची दाट हवा झाकण दाबून धरते. आधी झडप सैल करायची. काल दोन माणसांना झाकण निघेना. ती पेटी आठ महिन्यांपूर्वी इथे, भांडारात बंद केलेली असती, तर इथे डब्यासारखी उघडली असती. पट्टी म्हणते पेटी खाली बंद झाली. हवा म्हणते माथ्यावर झाली. पट्टीवर सही आहे, हवेवर नाही. मी हवेवर विश्वास ठेवला."

"आठ महिन्यांत कमी-जास्त हवा पाझरते, मास्तर."

"शाब्बास. म्हणून दुसरा साक्षीदार बघितला. बॅटरीच्या चारही पट्ट्या हिरव्या. आठ महिने थंडीत नुसती पडलेली बॅटरी निम्म्यावर येते. ती थोड्याच दिवसांपूर्वी कुणीतरी चार्ज केलेली होती. चौकीवाला करू शकत नव्हता, त्याची वीजच बंद पडली होती. म्हणजे सेट नंतर वर गेला, माणसाच्या पाठीवर. वर गेली फक्त तुमची तुकडी. तुमच्याकडे एकच सेट होता, आणि तो नेमका हरवला. घळीत पडलं काहीतरी नक्की. पण सेट नाही पडला."

पैलवानाने दोन्ही हात मांड्यांमध्ये घातले.

"तिसरं फोमचं. सेटचे कोपरे गोल, खाचेचे कोपरे गोल. पण फोममध्ये चार टोकदार कोपरे रुतून बसलेत. महिनोन्महिने तिथे काहीतरी चौकोनी, जड, सेटच्या वजनाचं बसलं होतं. वीट का?"

"वीट," पैलवान म्हणाला. आवाज घशातून नाही, टायरमधून आल्यासारखा. "आमचा सेट बिघडला होता. दुरुस्तीला वर्ष लागतं, तुम्हाला माहीत आहे. साहेब म्हणाले, राखीव तर पडूनच असतो, तो घे. वजनाला वीट टाक. तेव्हा वर दुसराच माणूस होता."

"नंतर मेहुण्याला पाठवलंस. सांगितलंस त्याला?"

"सांगणार होतो. ताई इतकी खूश होती. म्हटलं, सेट दुरुस्त होऊन आला की गुपचूप बदलू."

"वर गेलास तेव्हा काय दिसलं?"

पैलवान एका दमात बोलला. "पेटी उघडी. खांबापासून खोलीपर्यंत तो घसटत आला होता, रक्ताची रेघ होती. वीट काढून बाजूला ठेवलेली. फोम काढून मोडक्या पायाखाली घेतला होता. मी फोम काढला, पेटीत बसवला, आमचा सेट ठेवला, पट्टी लावली. वीट घळीत टाकली. तो गेलेला होता, मास्तर. त्याला कशाने फरक पडणार होता?"

"त्याला नाही. तू पाचव्या दिवशी का पोचलास? दीड दिवसाची तर वाट."

आता पैलवानाने पहिल्यांदा वर बघितलं. "मी पहिल्याच सकाळी साहेबांच्या दारात होतो. चौकीचा आवाज नाही, मला जाऊ द्या. ते म्हणाले, चौकीत राखीव सेट असेल तर बहात्तर तास वाट बघायची, नसेल तर लगेच निघायचं, असा नियम आहे. मी म्हटलं, साहेब, सेट नाही, वीट आहे, तुम्हीच टाकायला लावलीत. तर ते म्हणाले, कागदावर सेट आहे. आज तुला सोडला तर सेट नव्हता हे मी लिहून दिल्यासारखं होईल."

मास्तरांनी मनात हिशेब केला. बहात्तर तास आणि वर दीड दिवस. पहिल्या सकाळी निघाले असते तर दुसऱ्या संध्याकाळी पोचले असते. आणि माणूस तीन दिवस जगला होता.

५

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि मनापासून दाद दिली.

"हवेवरून ओळखलंत! वा! तुम्ही उगाच दुरुस्ती विभागात सडलात मास्तर." मग शेवटचं पान वेगळं काढून त्यांनी पालथं ठेवलं. त्या पानावर बहात्तर तास होते. "हे नको."

"तेच खरं कारण आहे."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण हा अहवाल वर जातो तो माझ्या सहीने. माझ्याविरुद्धचा कागद मी सही करून पाठवेन असं वाटतं तुम्हाला? तो टेबलावर राहील. चौकशी चालू राहील. चौकशी चालू असताना शेरा रद्द होत नाही, आणि वीस दिवसांनी क्वार्टर रिकामं होतं. म्हातारा फुटपाथवर. आणि हे पान काढलंत तर मयत आजच्या आज निर्दोष. वहिनींना क्वार्टर कायम, शिवाय त्याच्या जागी नोकरी. दोषी एकच, पैलवान."

"तो तुमचं नाव घेईल."

"कुणाकडे? विटेकडे? ती घळीत आहे." साहेबांनी चहा पुढे केला. "आणखी एक बारीक गोष्ट. खातं आपल्या माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार करत नाही, तशी प्रथा नाही. तक्रार मयताच्या जवळच्या नातेवाइकाने करायची. वहिनींची सही आणा."

मास्तरांनी पालथ्या पानाकडे बघितलं. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही सेट अर्धवट उघडा ठेवला नव्हता. पान त्यांनी घडी करून खिशात घातलं आणि उरलेली तीन पानं उचलली. साहेबांनी ती तक्रारीच्या अर्जाला टाचून दिली, स्वतःच्या हाताने.

६

तीन वाजले होते. पैलवान सासऱ्यांना दुसऱ्या कुशीवर वळवून बाहेर येऊन बसला. मास्तरांनी सगळं सांगितलं. पानं तीन असली तरी सांगताना त्यांनी चारही सांगितली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला. "म्हणजे पेटी उघडली होती ह्यांनी."

"हो."

"आळस नाही केला."

"नाही."

"हे लिहिलंय यात?"

"लिहिलंय."

"आणि साहेबांचं?"

मास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "ते लिहिलं तर बाकीचं वर जाणार नाही."

"ताई, कर सही," पैलवान जमिनीकडे बघत म्हणाला. "मी सांगतोय ना. मामंजींना घेऊन कुठे जाशील?"

तिने पेन घेतलं. टोपण काढलं. मग भावाकडे वळली, आणि लहानपणी पडून आला की खरडलेला गुडघा बघताना विचारत असेल तशा आवाजात विचारलं, "फोम ह्यांच्या पायाखालून ओढून काढलास, का पाय उचलून?"

पैलवानाचा जबडा हलला. "ओढून," तो म्हणाला. "पोरगे वर येत होते ताई. घाई होती."

"बरं," ती म्हणाली.

तिने सही केली. खाली तारीख घातली. कागद मास्तरांच्या हातात दिला, आत गेली आणि भांड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन तिने भावापुढे ताट ठेवलं.

"जेवून जा," ती म्हणाली. "उद्यापासून तुला कोण वाढणार?"

पैलवान ताटाकडे बघत राहिला. मग खरोखरच जेवू लागला, खाली मान घालून, सकाळपासून उपाशी असलेल्या माणसासारखा.

तिने दुसरं ताट मास्तरांपुढे ठेवलं.

"नको, मला भूक नाही," मास्तर म्हणाले.

"असं कसं?" ती म्हणाली, आणि वाढत राहिली. "तुम्ही कशाला उपाशी राहता? तुमचं काम तर छान झालं."